मान खाली घातली की दिसतं

गहू घरात आला की गिरण्यांना उसंत नसते, आणि गिरण्यांना उसंत नसली की टाकीवालीला मरायलाही सवड नसायची. दळून दळून दगड गुळगुळीत झाले म्हणजे पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम पडतं, जाडंभरडं येतं, पट्टा कुरकुरायला लागतो. मग वरचा दगड उचलून उलटा करायचा आणि त्याच्या अंगावरच्या बुजलेल्या खाचा छिन्नी-हातोडीने पुन्हा पाडायच्या. याला टाकी लावणं म्हणतात. आसपासच्या अकरा गिरण्यांचे दगड ही एकटी बाई टाकवायची, म्हणून ती टाकीवाली. तिचं खरं नाव तिच्या पोटच्या मुलालासुद्धा फॉर्म भरताना क्षणभर आठवावं लागे.

आधी हे काम नवरा करायचा. तो अचानक गेला, आणि महिन्याच्या आत तिने त्याची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. लोक म्हणाले, हे काय बाईमाणसाचं काम आहे? तिने कुणाशी वाद घातला नाही. गिरणीतून मूठभर पीठ आणायची आणि बोलणाऱ्याच्या तळहातावर ठेवायची. त्यालाही बावीस वर्षं झाली होती. तोंडाने फटकळ, हाताने अचूक. जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाही; घातली ती फक्त दगडापुढे.

डोळ्याचं मात्र तिचं नशीब पहिल्यापासून खोटं. डावा डोळा लहानपणी गोवरात गेला. त्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. सगळा संसार उजव्याच्या जिवावर. सात वर्षांपूर्वी छिन्नीचं डोकं मार खाऊन खाऊन फुललं होतं, ते तिने वेळेवर घासलं नाही, आणि त्याचा तीळभर लोखंडी तुकडा उडून उजव्यातच घुसला. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढला, फुटलेलं भिंगही काढलं. पण नवं भिंग ज्या नाजूक पिशवीत बसवतात ती पिशवीच फाटलेली. मग डॉक्टरीणबाईंनी काचेसारखं नवं भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला दोन बाजूंनी दोऱ्याने शिवून टांगलं. "केसाहून बारीक दोरा आहे, मावशी," त्या म्हणाल्या होत्या. "वर्षानुवर्षं टिकतो, पण कायमचा टिकेलच असं नाही. सहा महिन्यांनी दाखवत जा." दोन वर्षं ती गेली. दिसतंय, दुखत नाही, मग कशाला दिवस मोडायचा, असं म्हणून पुढे गेली नाही. खोटं कशाला बोला, आपण सगळेच असे असतो.

तर ऐन हंगामात एका सकाळी ती उठली तीच डोळ्यापुढे एक चकचकीत वाकडी रेघ घेऊन. वाटीचा काठ दिसावा तशी. मान हलवली की काठ हलायचा, लटलटायचा. दारं दोन दिसत होती. सून चहा घेऊन आली तर तिला दोन नाकं.

"काय झालं, आई?" सुनेने विचारलं.

"काय व्हायचंय? झोप उतरली नाही अजून," टाकीवाली म्हणाली आणि कप धरायला गेली तर बोटं हवेतच मिटली. सुनेने कप हातात दिला.

मुलगा दुधाची गाडी चालवायचा. पहाटे निघायचा, जाता जाता दोघींना ज्या त्या गिरणीपाशी सोडायचा. सून गेली तीन वर्षं सासूबरोबर जात होती, पण हातोडी अजून तिच्या हातात आली नव्हती. तिने दगड झाडायचा, पाणी मारायचं, लाकडी पट्टीला गेरू फासून द्यायचा. गेरूची पट्टी दगडावर फिरवली की जिथे उंचवटा असेल तिथे लाल डाग उठतो, आणि तो डाग टाकीने उतरवायचा. "तुझा हात जड आहे," सासू म्हणायची, "दगड म्हणजे काय धुणं आहे आपटायला?"

त्या दिवशी गिरणीत शिरताना टाकीवालीने उंबरठ्याला ठेच खाल्ली, खांबाला "सरक रे बाबा" म्हणाली, आणि दगडापाशी उकिडवी बसली. सवयीने मान खाली घातली. आणि काय सांगावं! धूसर झालेलं सगळं सरसर जागेवर आलं. काठ गेला, दोनाचं एक झालं, दगडावरची खाच न् खाच डोळ्यात भरली.

"हात्तिच्या!" ती मोठ्याने म्हणाली.

"काय, आई?"

"काही नाही. गेरू दे."

बसल्या बैठकीला तिने अर्धा दगड उतरवला. उभी राहिली की पुन्हा सगळं पाण्यात बुडाल्यासारखं, मान घातली की लख्ख. तिने मनाशी हिशेब केला: जुनं इंजिन आहे, तापायला वेळ घेतं. काम करताना दिसतंय ना? मग झालं. आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं, बस चालवणाऱ्याच्या, मास्तरच्या, तर त्याने त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. हिचा धंदाच मान खाली घालून करायचा. आजार तिच्या कामाच्या आडोशाला लपून बसला आणि तिने त्याला खुशाल बसू दिलं.

तीन आठवडे असे गेले. घरात ती सगळं वाकून करायला लागली. भाजी निवडायची तर ताट जमिनीवर आणि हिची मान त्यावर. मुलाने फोनवर नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो दाखवायला आणले तर म्हणाली, "ठेव खाली." फोन फरशीवर ठेवला आणि ही वरून विहिरीत डोकवावं तशी त्यात डोकावली.

"हे काय नवीन?" मुलगा हसला.

"गप. वरून बघितलं की माणसं बारीक दिसतात. तुझी मामी बघ, किती सुटलीय."

शेजारपाजारच्या बायका म्हणायला लागल्या, सून काय गुणाची आहे बघा, सासूची मान खाली आणली. टाकीवालीने ते ऐकलं आणि गिळलं. रात्री उताणी झोपली की डोळ्याच्या तळाशी काहीतरी गडगडत जातंय असं वाटायचं, म्हणून ती पालथी झोपायला लागली. मान आखडली, पाठ धरली. पण एकही गिरणी चुकवली नाही.

चौथ्या आठवड्यात मोठ्या गिरणीतून निरोप आला. तिथला गिरणीवाला टाकीवालीच्या नवऱ्याचा जुना दोस्त, तिला वहिनी म्हणायचा. निरोप गोड नव्हता. ती गेली तेव्हा चार गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी होती. गिरणीवाल्याने पिठाची चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. बावीस वर्षं ती लोकांच्या हातावर ठेवत आली, आज कुणीतरी तिच्या हातावर ठेवली.

"दाताखाली कच लागतेय, वहिनी. परवाच टाकी लावलीत. लोक डबे परत आणताहेत."

तिने जिभेवर घेतलं. कच होती. दगड उघडला. वाकून बघितलं तर सगळं ठीक दिसत होतं. मग बोट फिरवलं आणि बोट थांबलं. एका खाचेशेजारी दुसरी उथळ खाच, तिच्याशेजारी तिसरी, काठ पापुद्र्यासारखे सुटलेले. घावाच्या हादऱ्याने मध्येच एकाच्या जागी दोन दिसायच्या, त्या तिने दोन्ही पाडल्या होत्या. बोटाला जे कळलं ते डोळा अजून कबूल करत नव्हता.

चार माणसं बघत होती. टाकीवालीचं तोंड तिच्या मनाच्या आधी उघडलं.

"या बयेने गेरू नीट लावला नाही!" ती सुनेकडे वळून म्हणाली. "पट्टी वाकडी धरते. शंभरदा सांगितलं. डोळे कुठे असतात गं तुझे?"

सुनेचं तोंड एवढंसं झालं. एक गिऱ्हाईक बाई तोंडाला रुमाल लावून हसली. सून खाली बसली, पट्टी पुसली, पुन्हा गेरू लावला. टाकीवालीने दगड बोटाने चाचपत दुरुस्त केला, आणि प्रत्येक घावाला तिला स्वतःचीच लाज वाटत होती. पण लाज वाटणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात हत्यारं घासताना तिच्या डोळ्यात चमका मारल्या. वीज नाही, काही नाही, नुसत्या डोळ्याच्या आत. मग काजळी झडावी तसे काळे ठिपके उतरले. मग नाकाच्या बाजूने एक काळोख आत सरकला आणि तिथेच थांबला. तिने मान खाली घातली. काळोख हलला नाही. पालथी झाली, काळोख हलला नाही. तेव्हा पहिल्यांदा ती घाबरली.

"सूनबाई," तिने हाक मारली. आवाज असा आला की सून हातातलं पातेलं टाकून धावली.

"मला अर्धंच दिसतंय गं."

सुनेने विचारलं नाही कधीपासून. दुधाच्या गाडीला फोन लावला, सासूच्या पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "आता वाकायचं नाही आणि बोलायचंही नाही. चला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याच होत्या, केस पांढरे झाले होते. त्यांनी टाकीवालीची हनुवटी यंत्रावर टेकवली, उजेड मारला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग तिला उताणं निजवून बघितलं, आणि शेवटी खाली वाकायला लावून बघितलं. सून कोपऱ्यात पर्स छातीशी धरून उभी होती.

"एका बाजूचा दोरा तुटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भिंग एकाच दोऱ्यावर लोंबतंय. उताणं झोपलात की तळाला जातं, मान खाली घातलीत की बुबुळासमोर येतं. म्हणून तुम्हाला वाटलं, दिसतंय. किती दिवस झाले?"

"आठेक दिवस," टाकीवाली म्हणाली.

"चार आठवडे," सून म्हणाली. टाकीवालीने मान वळवली. "ज्या दिवशी कप धरताना बोटं हवेतच मिटली त्या दिवसापासून," सून पुढे म्हणाली. "बावीस दिवस कामावर गेल्या. हातोडी मारली."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला नाही एवढंच. "मावशी, डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटायला लागलाय. अजून मधला भाग चिकटलेला आहे, ज्याने तुम्ही बारीक बघता तो. तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे. उद्या सकाळी. मधला भाग सुटला तर नंतर मी काही केलं तरी माणसाचा चेहरा ओळखू येईल याची खात्री देणार नाही. दुसरा डोळा तुम्हाला नाही."

"नाही," टाकीवाली म्हणाली. "करा."

"पडदा बसवते. लोंबणारं भिंग काढते. प्रश्न आहे तो नव्या भिंगाचा. पुन्हा शिवता येईल, वेगळ्या पद्धतीने, पक्कं. पण तुमच्या डोळ्याची भिंत जुन्या टाक्यांपाशी पातळ झालीय. आत रक्त उतरू शकतं, दाब वाढू शकतो, पडद्याला पुन्हा धक्का लागू शकतो. नाही शिवलं तर जाड भिंगाचा चष्मा लावावा लागेल. मधलं सगळं मोठं दिसेल, कडेचं दिसणार नाही. जिना उतरताना जपावं लागेल. लोक बघतील, डोळा एवढा मोठा दिसतो त्या काचेतून."

"लोक बघतात म्हणून मी कधी काही सोडलं नाही," टाकीवाली म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "चष्माच द्या. डोळ्यात लोंबणारं आता काही नको. चष्मा नाकावर असतो, पडला तर उचलता येतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. सुनेलाही हसू आलं, आणि हसता हसता ती तोंड फिरवून डोळे पुसायला लागली.

"आणि हातोडी?" टाकीवालीने विचारलं.

"तीन महिने नावसुद्धा नाही काढायचं. पुढचं पुढे बघू."

रात्रभर तिने छताकडे तोंड करून त्या काळोखाच्या काठावर नजर ठेवली. सरकतोय का, एवढंच. पहाटे सुनेला म्हणाली, "त्या दिवशी गिरणीत... दगड मी बिघडवला होता. तुझा गेरू ठीक होता."

"मला माहीत होतं."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"चार माणसांत काय सांगू, सासूला दिसत नाही म्हणून?" सून म्हणाली. "पण घरी बोलायला पाहिजे होतं. पहिल्या दिवशीच. माझंही चुकलं."

टाकीवालीने अंधारात चाचपून तिचं मनगट धरलं. "चुकलं तर चुकलं. आता दोघी सुधारू," ती म्हणाली, आणि तिला आत नेईपर्यंत ते मनगट सोडलं नाही.

ऑपरेशन अडीच तास चाललं. पडदा दाबून धरायला डोळ्यात वायू भरला होता, आणि आता हुकूम सुटला तो असा: दहा दिवस पालथं पडून राहायचं. जेवताना मान खाली, चालताना मान खाली, झोपताना मान खाली. वायूचा बुडबुडा मागे चढून पडद्याला दाबून धरतो म्हणे. टाकीवालीने ते ऐकलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. चार आठवडे ज्या मानेने तिला फसवलं, तीच मान आता औषध म्हणून दिली होती.

घरी बाजेच्या टोकाला उशी रचली, मध्ये फट ठेवली, त्या फटीत तोंड. पट्टी सुटल्यावर फरशीचा राखाडी चौकोन आणि मधूनमधून कुणाचे तरी पाय, एवढंच जग. तेही धुरकट. कपाळावर उशीचे वळ उठले, हनुवटी सोलवटली, छाती अवघडली. कंबर तर दुसऱ्याचीच वाटायची. मुलगा येऊन बाजेखाली जमिनीवर उताणा पडायचा आणि तिच्याशी गप्पा मारायचा.

"दिसतो का मी?"

"एक ढेरी दिसतेय. तुझीच असणार."

तिसऱ्या दिवशी मोठ्या गिरणीतून पुन्हा बोलावणं आलं. दुरुस्त केलेला दगड पुन्हा कच टाकत होता. सुनेने निरोप घेऊन आलेल्या माणसाला बाजेपाशी उभं ठेवलं नाही, बाहेरच्या बाहेर "येतो" म्हणून वाटेला लावलं. मग आत येऊन बाजेपाशी मांडी घालून बसली.

"मी जाते, आई."

"तू? तुझा हात..."

"जड आहे. मग हलका करायला शिकवा. अंगणात जुना दगड पडलाय. तुम्हाला दिसत नसलं तरी ऐकायला येतंय ना?"

टाकीवालीकडे दुसरा उपाय नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला उत्तर आवडलं होतं. "बाज दाराशी ओढ," ती म्हणाली.

दोन दिवस अंगणात ठोकणं चाललं. सून दगडावर, सासू बाजेवर पालथी, तोंड फटीत, कान बाहेर.

"ठप्प वाजलं. छिन्नी उभी धरलीस. आडवी कर. अजून. हां. आता टण् वाजतंय बघ. मनगटातून मार, खांद्यातून नको, खांदा धुण्याला ठेव. थांबलीस का? घाम पुस आणि मार. घावांची चाल मोडली की खाच मोडते."

दुपारी सुनेच्या अंगठ्यावर हातोडी बसली. ती कळवळली. टाकीवालीचं अंग बाजेवरून उसळलं, मान वर जाणार तोच ती स्वतःवरच ओरडली, "खाली!" आणि उशीत तोंड खुपसून म्हणाली, "लागलं का फार? पाण्यात धर. नख काळं पडेल, पण नख परत येतं. माझी चार वेळा आलीत." मग हळूच म्हणाली, "बस आता आजच्यापुरतं." पण सुनेने अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि पुन्हा टण् असा आवाज आला. टाकीवालीने पुढचा अर्धा तास तिला एकदाही टोकलं नाही.

सून मोठ्या गिरणीत गेली, दिवसभर राबली, संध्याकाळी परत आली. फटीखाली हात घालून तिने सासूच्या बोटांत पीठ दिलं. टाकीवालीने ते चोळलं, जिभेवर घेतलं, दाताखाली फिरवलं. पीठ थोडं जाड होतं. कच नव्हती.

"जाड आहे," ती म्हणाली.

"आहे."

"बारीक नंतर येतं. आधी कच जावी लागते. जेव आता."

दहा दिवस सरले. पुढे दोन महिने डोळ्यात बुडबुडा बाटलीतल्या पाण्यासारखा डुचमळत होता, रोज थोडा आकसत होता. एका सकाळी तो मुगाएवढा राहिला, दुसऱ्या दिवशी नव्हता. काळोख गेला होता. एका बाजूला जराशी वाकडी सुरकुती राहिली, सरळ दार तिथे किंचित पोटात दुमडायचं. तेवढं ती चालवून घ्यायला तयार होती. मग चष्मा आला. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचेचा. तो लावून तिने सुनेकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, केवढी मोठी झालीस!" पहिले आठ दिवस पायरी जवळ वाटायची आणि पाय खाली जायचा, कडेने कोण आलं कळायचं नाही, दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या. ती पडली, उठली, चष्मा पुसला, पुन्हा चालली. अंगणात चुन्याच्या रेघा मारून त्यांवरून रोज येरझारा घालायची. महिन्याभरात तिला सुईत दोरा ओवता आला. ज्या दिवशी ओवला त्या दिवशी तिने घरातल्या सगळ्या शर्टांची बटणं लावून टाकली, न तुटलेलीसुद्धा.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ उजेड मारला. "पडदा छान बसलाय," त्या म्हणाल्या. "मधला भाग वाचला, मावशी."

"मग हातोडी?"

डॉक्टरीणबाईंनी दिवा बंद केला. "लिहून कसं देऊ? वाकून दगडावर घाव घालायचे, डोक्यापर्यंत हादरे जातात. काही होणार नाहीही. आणि झालं तर पुन्हा बसवायला माझ्याकडे फार काही उरलेलं नाही. डोळा तुमचा आहे."

परतताना टाकीवाली गाडीत खिडकीशी बसली. बाहेरचं एकेक झाड मोठं होऊन काचेसमोरून जात होतं आणि ती प्रत्येक झाडाकडे बघत होती.

त्याच आठवड्यात मोठ्या गिरणीने नवा दगड आणला. कोरा दगड, पहिली टाकी लागायची होती. पहिली टाकी म्हणजे दगडाचं आयुष्य ठरतं. चार गिरण्यांचे मालक बघायला जमले होते. साखळीच्या कप्पीने दगड उलटा करून खाली ठेवलेला. गिरणीवाल्याने टाकीवालीला बघून हात वर केले.

"आल्या! वहिनी, तुमच्याशिवाय हा कुणाच्या बापाला वळायचा नाही."

"बघू या, भाऊजी," ती म्हणाली.

तिने पट्टी फिरवून उंचवटे दाखवले, मधून कडेकडे खाचांच्या रेघा आखून दिल्या, आणि सुनेने सुरुवात केली. टण्, टण्, टण्. मालक लोक एकमेकांकडे बघत होते. दोन तास काम सुरळीत चाललं. मग तिसऱ्या भागात दगडाच्या पोटातून पांढरी गारगोटी निघाली, नखाएवढी. तिच्यावर छिन्नी सरकायला लागली. सुनेने तीनदा घाव घातला, तिन्ही वेळा निसटला, एक ठिणगी उडाली.

"अहो, दगड फुटेल!" एक मालक म्हणाला. "नवशिक्याचं काम नाही हे. टाकीवाली असताना सुनेला कशाला पुढे करता?"

गिरणीवाला टाकीवालीच्या जवळ आला. "वहिनी, दोन घाव तर घालायचेत. दोन घावांनी काय होतंय? घ्या तुम्ही."

टाकीवाली पुढे झाली. सुनेने मुकाट्याने हातोडी दिली. ती उकिडवी बसली, मान खाली घातली, आणि जाड काचेतून ती गारगोटी तिला उभ्या जन्मात दिसली नव्हती इतकी साफ दिसली. तिची बैठक, तिच्या कडेची बारीक भेग, कुठून सुटेल ती जागा. हातोडीचा दांडा तळहातात बरोब्बर बसला. दोन घाव. बावीस वर्षांत असे लाखो घातले असतील. हात वर गेला.

हात वरच थांबला. मग हळूहळू खाली आला, आणि तिने हातोडी दगडावर ठेवली.

"नाही, भाऊजी," ती म्हणाली. "माझ्याच्याने होणार नाही."

"काय?"

"होणार नाही म्हटलं. मला हा डोळा ठेवायचाय."

मागे कुणीतरी हलकेच म्हणालं, "टाकीवाली संपली म्हणायची." तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उठून त्याच्या हातावर काय ठेवावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण ती उठली नाही. तिने सुनेला ओढून शेजारी बसवलं, हातोडी तिच्या हातात दिली आणि छिन्नीवरच्या तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून छिन्नी तिरकी केली.

"गारगोटीला हात लावायचा नाही. ती कुणाचं ऐकत नाही. तिच्या कडेला भेग आहे, दिसते का तुला?"

"नाही दिसत, आई."

"मला दिसतेय. इथे. टोक टेकव. अजून केसभर डावीकडे. हां, इथेच." तिने आपली बोटं काढून घेतली, पिशवीतून, डोळ्यात तुकडा गेल्यावर घेतलेला, काम करताना लावायचा चारी बाजूंनी बंद चष्मा काढून सुनेच्या डोळ्यांवर चढवला, दोरी मागे ओढून बांधली आणि हातभर मागे सरकून बसली.

सुनेने छिन्नीचं टोक हलू दिलं नाही. "सरकली तर?"

"तर दुसरा घाव घालू. हात हलका ठेव." टाकीवालीने आपला जाड चष्मा ओच्याने पुसून पुन्हा नाकावर नीट बसवला. "तू मार. मी बघते."